आधी पोटगी, मग घटस्फोट

हातावर पोट असलेल्या जोडप्याला घटस्फोटात सर्वांत महाग पडतो तो वेळ. वकील सरकारी खर्चाने मिळू शकतो आणि महाराष्ट्रात स्त्रीला या दाव्यांसाठी कोर्ट फी भरावी लागत नाही. पण तारखेला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे जाते, मूल शेजारणीकडे ठेवावे लागते. समोरचा हजरच झाला नाही, तर हे सारे पुढच्या महिन्यात पुन्हा करावे लागते. असे दोन-तीन वर्षे चालले की माणूस थकतो आणि समोर येतील त्या अटींवर सही करून मोकळा होतो. त्या सहीत बहुधा मुलाची पोटगी जाते. म्हणून पैसा थोडा आणि पदरात मूल असताना वकील कोण, यापेक्षा कोणता अर्ज आधी करायचा हे अधिक महत्त्वाचे ठरते. आधी पोटगी आणि मुलाचा ताबा, घटस्फोटाचा हुकूमनामा त्यानंतर, हा मार्ग कायद्यानेच खुला ठेवला आहे. माहेरची माणसे मात्र पुष्कळदा ‘आधी पोरीची सुटका होऊ दे, बाकीचे मागाहून बघू’ म्हणतात, आणि मागाहून मागण्यासारखे फारसे काही हातात राहत नाही.

कोणता कायदा लागू होतो, हे धर्मावर आणि विवाह कोणत्या पद्धतीने झाला त्यावर ठरते. १९५५चा हिंदू विवाह कायदा हिंदूंसह बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांना वेगळा कायदा शोधावा लागत नाही. नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहाला १९५४चा विशेष विवाह कायदा लागतो. मुस्लिम पत्नीला १९३९च्या कायद्याने न्यायालयातून विवाह मोडून घेता येतो, आणि पतीने दोन वर्षे खावटी दिली नाही एवढे कारणही त्यास पुरते. एका दमात दिलेला तीन तलाक २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०१९च्या कायद्याने तो गुन्हा झाला. त्याच कायद्यात अशा पत्नीला निर्वाहभत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मिळण्याची तरतूद आहे. ख्रिश्चनांसाठी १८६९चा कायदा आहे आणि २००१च्या दुरुस्तीनंतर त्यातही परस्परसंमतीची वाट आली. गोव्यात पोर्तुगीज काळातील दिवाणी कायदा आणि १९१०चा घटस्फोटाचा हुकूम चालतो. तिथे विवाहापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विवाह मोडताना ती निम्मी-निम्मी वाटली जाते. महाराष्ट्रातील स्त्रीला असा आपोआप मिळणारा वाटा नाही. संसारात तिने घातलेल्या श्रमांची किंमत तिला पोटगीच्याच रूपाने मागावी लागते, आणि ही या राज्यातील कायद्याची मोठी उणीव आहे.

अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा केंद्राच्या खास अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतील आदिवासी कुटुंबात विवाह मोडणे जमातीच्या रूढीने होते. तरीही पोटगीचा फौजदारी प्रक्रियेतील कायदा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा धर्म, जात, जमात पाहत नाहीत. ते सर्वांना सारखे लागू आहेत.

स्टँपपेपरवरची फारकत

महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये काडीमोड आणि त्यानंतरचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, या रूढी कायद्याच्या फार आधीपासून होत्या. ज्या जातींमध्ये त्या नव्हत्या, तिथे बाई मरेपर्यंत बांधलेली राही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. देशभराचा कायदा १९५५ मध्ये आला खरा, पण छळ आणि त्याग ही थेट घटस्फोटाची कारणे व्हायला आणि परस्परसंमतीची तरतूद यायला १९७६ची दुरुस्ती लागली.

हा इतिहास जुना झालेला नाही, कारण १९५५च्या कायद्याने रूढीचा घटस्फोट पूर्णपणे मोडीत काढला नाही. जातीत तशी रूढी फार पूर्वीपासून अखंड चालत आली आहे हे सिद्ध झाले, तर तो घटस्फोट ग्राह्य धरला जातो. या फटीतून एक घातक धंदा उभा राहिला आहे. तहसील कचेरीबाहेरच्या टेबलावर स्टँपपेपर घ्यायचा, ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, मुलावर आणि पोटगीवर पत्नीचा हक्क राहिलेला नाही’ असे चार ओळींत टंकून घ्यायचे, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का घ्यायचा. खर्च थोडा आणि काम एका दिवसात. एकदोन हजारांत सुटलो असे दोघांना वाटते.

कायद्याच्या दृष्टीने असा विवाह शाबूत असतो. नोटरीला विवाह मोडण्याचा अधिकार नाही. सही कोणी केली, एवढेच तो प्रमाणित करतो. त्या कागदावर भरवसा ठेवून दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल ठरते, द्विभार्येचा गुन्हा होऊ शकतो आणि दुसरीला पत्नीचा दर्जा मिळत नाही. त्या दुसऱ्या संबंधातील मुले मात्र कायद्याने औरस मानली जातात. जातपंचायतीने पैसे घेऊन दिलेला निवाडाही न्यायालयावर बंधनकारक नाही. तो न मानणाऱ्यांना वाळीत टाकले तर २०१६च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य आहे. स्वस्त म्हणून घेतलेला फारकतीचा कागद पुढे सर्वांत महाग पडतो.

फुकटचा वकील खरोखर मिळतो

राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाला धरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, म्हणजे रिक्षा चालवणारा किंवा गवंडीकाम करणारा नवराही या मदतीला पात्र ठरतो. मदतीत वकिलाबरोबरच नोटीस काढण्याचा खर्च, कागदपत्रांच्या नकला, टंकलेखन आणि भाषांतर हेही येते.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत करायचा असतो. साधा अर्ज, ओळखपत्र आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र एवढे पुरते. देशभरचा मदत क्रमांक १५१०० आहे. नेमलेल्या वकिलाला प्राधिकरण मानधन देते, पक्षकाराकडून त्याने एक रुपयाही घ्यायचा नसतो. मागितल्यास तक्रार करता येते आणि वकील बदलून मिळतो. या वकिलांविषयी लोकांचा समज वाईट आहे. ‘फुकटचा वकील काय करणार’ असे म्हणून दागिना गहाण ठेवून खासगी वकील केला जातो. सरकारी यादीत मन लावून काम करणारे वकील आहेत आणि कामचुकारही आहेत, जसे ते फी घेणाऱ्यांतही असतात. तारीख, अर्जाची नक्कल आणि प्रकरणाचा सीएनआर हा ओळख क्रमांक पक्षकाराने स्वतःजवळ ठेवला, तर ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर पुढची तारीख आणि त्या दिवशीचा हुकूम घरबसल्या कळतो. वकिलाच्या कचेरीत फक्त तारीख विचारायला जाण्याचा हेलपाटा वाचतो.

पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये काढली. अर्ज दाखल करताना कोणी ‘कोर्ट फी’ म्हणून मोठी रक्कम मागितली, तर पावती मागणे हा साधा उपाय आहे.

मोठ्या शहरांत १९८४च्या कायद्याने स्थापन झालेली कुटुंब न्यायालये आहेत. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला. जिथे ती नाहीत, तिथे घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. कुटुंब न्यायालयात वकील लावणे हा हक्क मानलेला नाही, पक्षकाराने स्वतः बोलावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात न्यायालय परवानगी देते आणि बहुतेक प्रकरणांत वकील असतोच. पण ज्याला वकील परवडत नाही तो स्वतः उभा राहिला तर न्यायाधीश ऐकून घेतात, ही खात्री बाळगावी. प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे जाते. ‘पुन्हा नांदायला पाठवतील’ या भीतीने बायका तिथे जायचे टाळतात. समुपदेशकाला कोणालाही नांदायला पाठवण्याचा अधिकार नाही, आणि मुलाच्या भेटीची पहिली समजूत अनेकदा त्याच टेबलावर निघते.

स्त्री ज्या गावी राहते त्या गावच्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावू शकते. ही सोय २००३च्या दुरुस्तीने आली. नवऱ्याने त्याच्या गावी दावा लावला असेल, तर तो आपल्या गावी वर्ग करून घेण्यासाठी तिला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो.

पोटगीचा अर्ज

लोक आजही ‘१२५ ची केस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते कलम आता १४४ झाले. हक्क तोच आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, अज्ञान मूल, औरस असो वा अनौरस, आणि आईवडील यांना दरमहा रक्कम मागता येते. यासाठी घटस्फोट मागण्याची गरज नाही. घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली स्त्रीही यात येते, आणि मुस्लिम घटस्फोटितेलाही हा मार्ग खुला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पूर्वी या कलमात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ मध्ये ती गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कलमातच लिहिलेले आहे.

हे ६० दिवस प्रत्यक्षात किती लांबतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नागपूरच्या एका स्त्रीने मूल झाल्यानंतर लवकरच, २०१३च्या जानेवारीत, सासर सोडले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अंतरिम पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाने २०१५च्या ऑगस्टमध्ये तिला दरमहा १५ हजार आणि मुलाला आधी ५ व पुढे १० हजार मंजूर केले. पतीने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिले, ते २०१८ मध्ये फेटाळले गेले. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला, म्हणजे नुसत्या अंतरिम अर्जात सात वर्षे गेली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी हा विलंब पाहून सबंध देशासाठी नियम घालून दिले. वकील आज ‘रजनेश विरुद्ध नेहा’ म्हणून ज्याचा हवाला देतात, तो हा निकाल.

गरीब पक्षकाराच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी मोलाच्या आहेत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आहे, हुकमाच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्ज लवकर करणे हाच मोठा फायदा. समजुतीच्या बैठकांत गेलेल्या महिन्यांची पोटगी कोणी देत नाही. दुसरे, दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे आहे, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. तिसरे, ती प्रतिज्ञापत्रे आल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढण्याची सूचना न्यायालयांना केली आहे.

प्रतिज्ञापत्राचा हा नियम महाराष्ट्राच्या खेड्यात फार उपयोगाचा आहे. नवरा न्यायालयात सांगतो, ‘मी बेकार आहे, जमीन वडिलांच्या नावावर आहे.’ सातबारा आणि आठ-अ कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. साखर कारखान्याचे ऊसबिल, दूध डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब, टेंपोची नोंदणी, बचतगटाच्या कर्जाला दिलेली हमी, घरबांधणीचे फोटो, यांतून खरे उत्पन्न उघडे पडते. बायकोला ही माहिती तोंडपाठ असते, पण ती कागदावर आणावी लागते असे तिला कोणी सांगितलेले नसते. घर सोडताना मुलाचा जन्मदाखला, लग्नाचे फोटो, पत्रिका, आधार कार्ड आणि बँक पासबुक यांच्या फोनवर काढलेल्या प्रतीसुद्धा पुढे कामाला येतात. विवाहाची नोंदणी झालेली नसली तरी पत्रिका, फोटो आणि साक्षीदार यांवरून विवाह सिद्ध करता येतो. कमाई खरोखर नसली तरी धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करून बायकामुलांना पोसावे, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०२२ मध्येही कायम राहिली. उलट बाजूने, शिलाई करून महिन्याला चार-पाच हजार मिळवणाऱ्या बाईची पोटगी त्या कमाईमुळे नाकारली जात नाही, रक्कम ठरवताना ती फक्त विचारात घेतली जाते.

हुकूम मिळणे आणि पैसे मिळणे यांत मोठे अंतर आहे. रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. न्यायालय जप्तीचे वॉरंट काढू शकते आणि थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही. थकलेल्या हप्त्यासाठी वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत केला पाहिजे, हा मुदतीचा नियम अनेकींना उशिरा कळतो आणि जुनी रक्कम बुडते. नवऱ्याची नोकरी असेल तर पगारातून परस्पर कपात मागणे सर्वांत खात्रीचे. ज्या बापाचे काम खरोखरच सुटले आहे, त्याने गप्प राहून हप्ते थकवू नयेत. परिस्थिती बदलल्याचे सांगून रक्कम कमी करण्याचा अर्ज कायद्यात आहे, आणि तो वेळेत केला तर तुरुंगाची वेळ येत नाही.

घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर त्याच न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या २४व्या कलमाखाली दोघांपैकी जो कमकुवत असेल तो पक्ष पोटगी आणि दाव्याचा खर्च मागू शकतो. मारहाण होत असेल किंवा घराबाहेर काढले असेल, तर २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अधिक जलद आहे. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत ठेवायची असते, आणि एकाच अर्जात संरक्षण, राहण्याची सोय, पैसे आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. संरक्षण अधिकारी हा अर्ज मोफत भरून देतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यभर पोलीस ठाण्यांच्या आवारात आहेत. तिथल्या समाजकार्यकर्त्या ठाण्याच्या दारात बिचकणाऱ्या बाईला फार उपयोगी पडतात.

हिंदू विवाह कायद्यात एक तरतूद आहे, जी या लेखातल्या क्रमाला थेट आधार देते. पत्नीच्या बाजूने पोटगीचा हुकूम झाला आणि त्यानंतर एक वर्ष किंवा अधिक काळ दोघे एकत्र राहिले नाहीत, तर तेवढ्यावर तिला घटस्फोट मागता येतो. छळ सिद्ध करण्यासाठी शेजाऱ्यांना साक्षीला ओढायला नको, उलटतपासणीत अब्रूचे धिंडवडे नकोत. पोटगीचा हुकूम हाच पुरावा. १३व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमातील ही तरतूद गरीब स्त्रीसाठी सर्वांत सोपी असूनही तिचा वापर कमी होतो. त्याच पोटकलमात असेही आहे, की १५ वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीने १५ ते १८ या वयात ते लग्न नाकारले असेल तर तिला घटस्फोट मिळू शकतो.

मूल कोणाकडे

ताब्याचा निर्णय आईबापांच्या हक्कावर होत नाही, मुलाच्या हितावर होतो. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच बजावले, की एवढ्या लहान मुलाचा ताबा आईला नाकारायचा तर ती अपात्र आहे हे बापाने दाखवून द्यावे लागेल. आई गरीब आहे, भाड्याच्या खोलीत राहते, माहेरी भावजयीचा संसार आहे, ही अपात्रतेची कारणे नव्हेत. ‘तू काय खाऊ घालणार पोराला, कोर्ट मलाच देईल’ ही धमकी घराघरांतून दिली जाते आणि तिला घाबरून बायका नांदत राहतात. कमी कमाईवर न्यायालयाचे उत्तर पोटगी हे आहे, मूल काढून घेणे हे नाही. मोठ्या मुलांना न्यायाधीश आपल्या दालनात एकट्याने भेटतात आणि त्यांचे म्हणणे ऐकतात, पण मुलाची इच्छा हा अनेक बाबींतील एक मुद्दा असतो.

ताबा एकाकडे दिला तरी दुसऱ्याचा भेटीचा हक्क राहतो. महिन्यातील ठरावीक शनिवार-रविवार, दिवाळी आणि उन्हाळ्याची निम्मी सुटी, आठवड्यातून काही वेळा व्हिडिओ कॉल, असे तपशील हुकमात लिहून घ्यावेत. मूल कोण आणील, कोण पोचवील आणि एस.टी.चे भाडे कोण देईल, हेही लिहिलेले बरे, कारण कमी पैशांच्या घरात भांडण भेटीच्या हक्कापेक्षा भाड्यावरून अधिक होते. भेट आणि पोटगी या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. पोटगी आली नाही म्हणून आईने भेट बंद करणे आणि भेट मिळाली नाही म्हणून बापाने पैसे थांबवणे, दोन्ही चूक आहे. आणि दोन्हीत मार मुलालाच बसतो. एकाने दुसऱ्याविषयी मुलाच्या मनात विष कालवले, तर न्यायालये ते गंभीरपणे घेतात आणि ताबा बदलूही शकतात. ताब्याचा कोणताच हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की नव्याने अर्ज करता येतो.

मध्येच सासर सोडून आलेल्या आईपुढे पहिली अडचण शाळेची येते. जुन्या शाळेचा दाखला बाप मिळू देत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला तातडीने द्यायचा आहे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. ताब्याचा हुकूम होईपर्यंत मूल घरी बसवण्याचे काहीच कारण नाही.

संमतीचा घटस्फोट आणि त्यातला सौदा

दोघे राजी असतील तर परस्परसंमतीचा घटस्फोट सर्वांत स्वस्त. निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. संयुक्त अर्ज, मग सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब, आणि हुकूमनामा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकूण दीड वर्ष वेगळे राहणे पहिल्या अर्जाआधीच झाले असेल, समेट निष्फळ ठरला असेल आणि पोटगी व ताब्याचे ठरले असेल, तर ही सहा महिन्यांची वाट माफ करता येते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून एकरकमी रकमेचा एक भाग पहिल्या जबाबाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने घेण्याची पद्धत वकिलांत रूढ आहे. नुसत्या चेकवर सही करू नये.

सौदा होतो तो संमतिपत्रात. ‘पत्नीने व मुलाने भूतकाळातील, वर्तमानातील व भविष्यातील पोटगीचा हक्क सोडला आहे’ हे वाक्य छापील असल्यासारखे सगळीकडे टंकलेले सापडते. पत्नी स्वतःपुरते काय कबूल करते, हा तिचा निर्णय. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईला तो सोडून देता येत नाही, आणि न्यायालये अशी कलमे मुलावर बंधनकारक मानत नाहीत. तरीही ते वाक्य कागदावर असले की पुढे प्रत्येक अर्जाला बाप तेच दाखवतो आणि आणखी दोन वर्षे जातात. ते वाक्य खोडून घेणे, मुलाची दरमहा रक्कम, दरवर्षीची वाढ आणि शाळेची फी वेगळी लिहून घेणे, आणि शक्य असल्यास मुलाच्या नावे मुदतठेव करून घेणे, एवढ्यासाठी हुकूमनामा सहा महिने लांबला तरी चालेल.

दोघे राजी नसतील तर छळ, दोन वर्षांचा त्याग, व्यभिचार, धर्मांतर, मानसिक आजार अशा कारणांवर लढावे लागते. लग्नाला वर्ष होण्याआधी सहसा दावा लावता येत नाही. ‘संसार पूर्ण मोडला आहे’ हे कारण कायद्यात अजून नाही. सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात त्यावर विवाह मोडू शकते, असे २०२३ मध्ये ठरले, पण जिल्ह्याच्या न्यायालयाला तो अधिकार नाही. लढत वर्षानुवर्षे चालते, आणि अंतरिम पोटगी हाती नसताना ती सुरू करणे गरीब पक्षकाराला परवडत नाही.

हुकूमनाम्यानंतर

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती तीन-चार काढून ठेवाव्यात. अपिलाची मुदत ९० दिवसांची धरून तोवर पुनर्विवाह करू नये. रेशन कार्डावरचे नाव कमी करून स्वतंत्र कार्ड काढणे लगेच करावे, कारण पुढचे अनेक कागद त्यावर अवलंबून असतात. शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांसाठी घटस्फोटित आईचा, किंवा जिचे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे तिचाही, स्वतःचा उत्पन्नाचा दाखला चालतो, बापाचा लागत नाही. घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या आणि घटस्फोटानंतर पोटगी न मिळालेल्या गरीब स्त्रिया संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसतात, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

सर्वांत कमी माहीत असलेली मदत मुलासाठीच आहे. राज्याची बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी आहे असा समज आहे, पण आईबापांच्या घटस्फोटामुळे किंवा विभक्त होण्यामुळे आधार तुटलेली मुलेही तिच्यात येतात. २०२३ पासून या योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ते मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो आणि त्याला एजंट लागत नाही. एकट्याने मूल वाढवणारी आई किंवा बाप ओळखीत असेल, तर वाचकांनी ही एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.